पार्सोनेज-टर्नर लक्षणसमूह

पार्सोनेज-टर्नर लक्षणसमूह हा खांदा व बाहू यांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा आजार आहे. खांद्यात अचानक उद्भवणारी असह्य वेदना, काही दिवसांनी वा आठवड्यांनी जाणवणारा अशक्तपणा आणि पुढे ठरावीक स्नायूंचे रोडावणे असा त्याचा क्रम असतो. वैद्यकीय परिभाषेत त्यास ‘न्यूरॅल्जिक अमायोट्रॉफी’ असेही म्हणतात. यातील पहिल्या शब्दाने मज्जातंतूची वेदना व दुसऱ्याने स्नायूंचा ऱ्हास सूचित होतो. म्हणजे आजाराचा क्रम नावातच आला आहे. दुखणे खांद्याच्या सांध्यात किंवा मानेत असल्यासारखे वाटते, विकार मात्र या दोहोंच्या मधल्या मज्जातंतूंत असतो. त्यामुळे योग्य निदान होण्यास पुष्कळदा कित्येक महिने लागतात.

लक्षणे

मानेच्या खालच्या भागातील मणक्यांमधून बाहेर पडणारे मज्जातंतू गळ्याच्या हाडामागे एकत्र येऊन एक जाळे तयार करतात आणि त्यातून खांदा, दंड व हात यांच्या शाखा फुटतात. या आजारात जाळ्यातील काही मोजक्या शाखांना दाह होतो. शेजारच्या शाखा बहुधा धडधाकट राहतात.

वेदनेचा प्रारंभ अनेकदा रात्री होतो. रुग्ण झोपेतून दचकून उठतो; कोणत्याही कुशीवर आराम मिळत नाही आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी ठणका उतरत नाही. ही तीव्र अवस्था सरासरी चार आठवडे टिकते. वेदना ओसरू लागली की बरे वाटेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याच सुमारास हात वर उचलणे, केस विंचरणे किंवा फळ्यावर लिहिणे जमत नसल्याचे ध्यानात येते. भिंतीला तळवे टेकवून ढकलले असता खांद्याचा फरा (अंसफलक) पंखासारखा पाठीपासून सुटून उचलला जातो. हे या आजाराचे एक ठळक चिन्ह आहे. काही रुग्णांत खांदा शाबूत राहून अंगठा व तर्जनी यांची टोके जुळवून गोल कडे करता येत नाही. बधिरपणा असला तरी तो सहसा सौम्य असतो. क्वचित श्वासपटलाचा मज्जातंतूही बाधित होतो. अशा रुग्णास आडवे झोपल्यावर धाप लागते.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांमध्ये असे रुग्ण मोठ्या संख्येने नजरेस आले. मध्यपूर्वेतील ब्रिटिश सैन्यातील ४६ रुग्णांची नोंद स्पिलेन यांनी १९४३ मध्ये केली. त्यानंतर मॉरिस पार्सोनेज व जॉन टर्नर या ब्रिटिश वैद्यांनी १९४८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात १३६ रुग्णांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. आजाराला त्यांचेच नाव मिळाले.

कारणे

रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सुमारे निम्म्या रुग्णांत आधी एखादा प्रसंग घडलेला असतो : जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, प्रसूती, लसीकरण किंवा सवय नसताना केलेले अंगमेहनतीचे काम. हे प्रसंग निमित्त ठरतात. ज्यांच्यावर ते ओढवतात त्यांतील बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही. स्त्रियांपेक्षा पुरुषांत तो अधिक आढळतो. त्याचा एक आनुवंशिक प्रकारही असून काही कुटुंबांत त्याचा संबंध ‘सेप्ट९’ या जनुकातील बदलाशी असल्याचे २००५ मध्ये दाखवण्यात आले.

नेदरलँड्स व ब्रिटन येथील रुग्णांच्या २०१४ मधील एका अभ्यासात सुमारे १० टक्के रुग्णांना आजाराच्या प्रारंभी हेपॅटायटिस-ई या काविळीच्या विषाणूचा संसर्ग झालेला आढळला. भारतात हा विषाणू दूषित पाण्यातून पसरतो आणि येथे माणसांत आढळणारा त्याचा जनुकीय प्रकार युरोपातील प्रकाराहून वेगळा आहे. त्यामुळे युरोपातील प्रमाण भारतीय रुग्णांना जसेच्या तसे लावता येत नाही.

निदान

या आजाराचे निदान मुख्यतः रुग्णाची हकिकत व शारीरिक तपासणी यांवर अवलंबून असते. वेदना कोणत्या दिवशी, कशी सुरू झाली आणि अशक्तपणा त्यानंतर किती दिवसांनी आला, एवढी माहिती नीट विचारली व नीट सांगितली गेली तरी अर्धे काम होते. व्यवहारात तसे घडत नाही. पहिल्या भेटीत केवळ वेदना असते, म्हणून उसण, वात किंवा आखडलेला खांदा यांपैकी एक नाव दिले जाते. अशक्तपणा उमटतो तेव्हा रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलेला असतो आणि दोन्ही अवस्था एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली येत नाहीत.

आखडलेला खांदा (फ्रोझन शोल्डर) हा मधुमेही व्यक्तींत विशेष आढळणारा विकार आहे. त्यात डॉक्टरांनी रुग्णाचा हात धरून उचलण्याचा प्रयत्न केला तरी तो एका मर्यादेपलीकडे जात नाही. पार्सोनेज-टर्नर लक्षणसमूहात रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलल्यास तो बहुधा पूर्ण वर जातो. या साध्या चाचणीला कोणतेही यंत्र लागत नाही. मात्र हात दीर्घकाळ न हलवल्यास सांधाही आखडतो आणि मग हा भेद पुसट होतो.

सर्वाधिक दिशाभूल मानेच्या मणक्यांमुळे होते. चाळिशीनंतर मणक्यांमधील चकत्यांची झीज निरोगी माणसांतही सर्रास दिसते. मानेचा एमआरआय काढला की तिचा उल्लेख अहवालात येतोच आणि ‘मणक्यात गॅप आहे’ या निष्कर्षावर शोध थांबतो. त्यातून मानेचा पट्टा, ओढ देणे, क्वचित अनावश्यक शस्त्रक्रियाही रुग्णाच्या वाट्याला येते. मणक्याजवळ दबलेल्या मज्जातंतूची वेदना मानेच्या हालचालीने वाढते आणि अशक्तपणा त्या एकाच मज्जातंतूच्या क्षेत्रात राहतो. येथे मान वळवल्याने फारसा फरक पडत नाही आणि अशक्तपणा ठिकठिकाणी विखुरलेला असतो.

अशक्त स्नायूंची विद्युत-तपासणी (ईएमजी) निदानाला बळकटी देते. पण मज्जातंतूंच्या ऱ्हासाच्या खुणा उमटण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. त्याआधी केलेली तपासणी निर्दोष आली म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही. मज्जातंतूंचा विशेष एमआरआय किंवा अनुभवी हातांनी केलेली सोनोग्राफी यांत काही वेळा मज्जातंतू मध्येच डमरूसारखा आवळलेला दिसतो.

खांदा व हात दुखण्यामागे अधिक गंभीर कारणे नाहीत ना, हे आधी पाहावे लागते. छातीत दडपण, घाम किंवा धाप यांसह हात दुखत असल्यास हृदयविकाराची शंका घेऊन तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते. फुप्फुसाच्या शेंड्यावरील कर्करोग (पँकोस्ट अर्बुद) याच जाळ्यावर दाब आणतो. न थांबणारी व वाढत जाणारी वेदना, त्याच बाजूची पापणी उतरणे आणि बाहुली बारीक होणे ही त्याची लक्षणे होत. नागिणीत पुरळ उठण्यापूर्वी काही दिवस नुसतीच आग होऊ शकते.

हा आजार दुर्मीळ समजला जाई. वर्षाला लाखात दोन ते तीन रुग्ण, असा जुना अंदाज होता. नेदरलँड्समध्ये सामान्य डॉक्टरांना तो ओळखण्याचे प्रशिक्षण देऊन केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच प्रमाण हजारात एक आढळले. दोन्ही आकड्यांतील तफावत पाहता कित्येक रुग्ण दुसऱ्याच निदानाखाली उपचार घेत असावेत.

उपचार व वाटचाल

खात्रीचा उपचार उपलब्ध नाही. प्रारंभी काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्यास वेदना लवकर ओसरते असा अनुभव आहे, परंतु त्यामागील पुरावा तुटपुंजा आहे. तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रबळ वेदनाशामके द्यावी लागतात. भौतिकोपचारात वजने उचलून ताकद वाढवण्यापेक्षा सांध्याची हालचाल राखणे व फऱ्याच्या हालचालीचा ताळमेळ पुन्हा बसवणे यांवर भर असतो. थकलेल्या स्नायूंना दामटल्यास वेदना बळावते. आवळलेला मज्जातंतू अनेक महिन्यांनंतरही सुधारत नसल्यास शस्त्रक्रियेने मोकळा करतात.

मज्जातंतूची वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर होते, त्यामुळे सुधारणेचा काळ महिन्यांत आणि वर्षांत मोजावा लागतो. अमेरिकेतील ९९ रुग्णांच्या १९७२ मधील पाहणीत तीन वर्षांअखेर ८९ टक्के रुग्ण बरे झाल्याचे नोंदले गेले व ते आशादायी चित्र पुढे बराच काळ प्रचलित राहिले. नेदरलँड्समधील २४६ रुग्णांच्या २००६ मधील अभ्यासाने त्याला छेद दिला : तीन वर्षे वा अधिक काळ पाहणीखाली असलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत काही वेदना व अशक्तपणा शिल्लक होता. त्याच अभ्यासात अनानुवंशिक प्रकारच्या सुमारे एक चतुर्थांश व आनुवंशिक प्रकारच्या तीन चतुर्थांश रुग्णांत आजार पुन्हा उलटला.