बाजदाराच्या मुठीपासून मोजणीच्या वहीपर्यंत

मराठीत 'बहिरी ससाणा' हे नाव वाचले की पुष्कळांना वाटते, हा पक्षी बहिरा असावा. वस्तुतः या नावाचा कानाशी काही संबंध नाही. 'बहर' म्हणजे समुद्र या अरबी शब्दावरून 'बहरी' झाला आणि मराठीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्याचा 'बहिरी' झाला. 'बाज' आणि 'शाहीन' फारसीतून आले, 'शिक्रा' शिकारीशी नाते सांगतो, 'तुरमती' तुर्कीतून आली. आपल्या माळरानावरच्या अर्ध्या शिकारी पक्ष्यांची नावे अशी दूरदेशची आहेत. ती आणली बाजदारांनी, म्हणजे शिकारी पक्षी पाळून शिकवणाऱ्या लोकांनी. शब्द राहिले, त्यामागचे ज्ञान मात्र आम्ही विसरून गेलो.

हे ज्ञान फार जुने आहे. शिकवून तयार केलेल्या शिकारी प्राण्यांनी आपल्यासाठी पकडून आणलेली शिकार अल्लाहचे नाव घेऊन खाण्याची परवानगी कुरआन शरीफच्या सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत आहे. अरबांनी बाजदारीवर ग्रंथ लिहिले. तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने असा एक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवून घेतला. ससाण्याच्या डोळ्यांवर चढवायची चामड्याची टोपी युरोपने अरबांकडूनच घेतली. आपल्याकडे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शाही बाजखान्याची माहिती दिली. इराणच्या शाह अब्बासने पाठवलेला ससाणा मेला, तेव्हा जहांगीरने उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढून घेतले. आपल्या दख्खनमध्ये विजापूरचा इब्राहिम आदिलशाह दुसरा हातावर बाज घेऊन घोड्यावर बसलेला आहे, असे सोळाव्या शतकाच्या अखेरचे चित्र आज रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे आहे.

परंतु या साऱ्या वैभवाची एक मर्यादा होती. दरबाराची नजर मुठीवरच्या पक्ष्यावर खिळलेली होती. तो शेतावर काय खातो, रात्री कुठे उतरतो, उन्हाळ्यात कुठे जातो, हे विचारण्याचे दरबाराला कारण नव्हते. जो पक्षी मुठीवर बसण्याच्या कामाचा नाही, त्याची तर दखलच घेतली जात नसे.

इंग्रजी अमदानीत मुठीची जागा बंदुकीने घेतली. कर्नल साइक्स हा १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करीत होता. माणसे, पिके, पाऊस मोजता मोजता त्याने पक्षीही जमवले आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. ए. ओ. ह्यूम यांनी हजारो कातडी जमवून १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला दिली. शास्त्र पुढे गेले यात शंका नाही. पण पेटीत ठेवलेले कातडे पक्ष्याचा रंग सांगते, त्याचे जगणे सांगत नाही.

या टप्प्यावर आपल्याच समाजातला एक माणूस उभा आहे. मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबात १८९६ साली जन्मलेले सलीम अली. त्यांनीही बंदूक वापरली. १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्याचे पक्षी सर्वेक्षण त्यांनी केले. त्या राज्यात आपला सारा मराठवाडा होता. पण अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीची घरटी महिनोन्‌महिने पाहात बसण्याचे कामही त्यांनीच केले. पक्षी जिवंत असताना तो काय करतो हे पाहणे आणि लिहून ठेवणे ही शिस्त त्यांनी या देशाला लावली. १९५९ पासून त्यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालण्याची मोठी मोहीम चालवली. त्या कामात पक्षी अलगद पकडून देण्यासाठी बिहारचे मीरशिकार आले. पिढ्यान्‌पिढ्या पाखरे पकडून पोट भरणारी ही मुस्लीम जमात. त्यांच्यातले अली हुसेन यांचे नाव पक्षीशास्त्रज्ञ आजही आदराने घेतात. ज्या हातांनी पाखरू बाजारात जात होते, त्याच हातांनी ते कडे घालून पुन्हा आभाळात जाऊ लागले. मुंबईचेच हुमायून अब्दुलअली यांनी १९५१ च्या मुंबई प्रांताच्या वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायद्यासाठी मेहनत घेतली. ही नावे आमच्या जलशांत आणि शालेय फलकांवर क्वचितच दिसतात, याची खंत वाटते.

आता हिवाळ्यातल्या पाहुण्यांकडे वळू. पावसाळा सरला की कझाकस्तान आणि रशियाच्या गवताळ प्रदेशांतून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी आपल्याकडे उतरतात. मॉन्टेग्यूचा भोवत्या, पांढुरका भोवत्या, दलदली भोवत्या हे त्यांतले मुख्य. ज्वारी, हरभरा, कपाशीच्या शेतांवरून पंख किंचित वर धरून हे पक्षी अगदी खालून तरंगत जातात. घुबडासारख्या गोल चेहऱ्यामुळे गवतातली खसखसही त्यांना ऐकू येते. नाकतोडे, टोळ, उंदीर, लहान पाखरे हे त्यांचे अन्न. मार्च-एप्रिलमध्ये ते परत जातात. बाजदाराने यांना कधी हातावर घेतले नाही. शेतकऱ्याचे काम मात्र हे न मागता करतात.

भोवत्या रात्री झाडावर बसत नाही, उंच गवतात जमिनीवर बसतो. दिवसभर दूरदूरच्या शेतांत पांगलेले पक्षी सूर्यास्ताच्या सुमारास एकाच कुरणात उतरतात. म्हणून त्यांची मोजणी संध्याकाळी होते. मोजणारे कुरणाच्या चारी बाजूंना उभे राहतात, आपापली दिशा वाटून घेतात आणि फक्त आत येणारे पक्षी लिहितात, म्हणजे एकच पक्षी दोनदा धरला जात नाही. सकाळी पक्षी गेले की त्यांनी ओकून टाकलेल्या गोळ्या वेचतात. त्यांतली हाडे, केस आणि नाकतोड्यांचे पाय पाहून पक्ष्याने काय खाल्ले ते कळते. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या वेळावदरच्या कुरणात अशी मोजणी झाली. तिथे हजारो भोवत्ये एकत्र उतरत होते आणि १९९८ साली 'फोर्कटेल' या नियतकालिकात ही जगातली विक्रमी संख्या म्हणून प्रसिद्ध झाली. नंतरच्या मोजण्यांत आकडे घसरलेले दिसले.

मोजून काय होते, असे कोणी विचारील. गिधाडांचे उदाहरण घ्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी रस्त्यारस्त्याने फिरून शिकारी पक्षी मोजले होते, म्हणूनच पुढे कळले की १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के घटली. कारण होते गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक. ते २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आधीचा आकडा लिहून ठेवला नसता, तर नंतरच्या आकड्याला अर्थच राहिला नसता.

दुसरे उदाहरण अर्जेंटिनाचे. उत्तर अमेरिकेतला स्वेन्सनचा ससाणा हिवाळ्यात तिथल्या पंपा प्रदेशातील शेतांवर जातो. १९९० च्या दशकात अमेरिकी अभ्यासकांनी दोन-चार पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली आणि त्यांच्या मागावर ते शेतांत पोहोचले. तिथे पक्ष्यांचे ढीग पडले होते. १९९५-९६ च्या एका हंगामात पाच हजारांहून अधिक मेलेले ससाणे मोजले गेले. प्रत्यक्ष आकडा वीस हजारांच्या आसपास असावा असा अंदाज झाला. शेतकऱ्यांनी नाकतोड्यांवर औषध फवारले होते आणि ससाणे ते नाकतोडे खात होते. सरकार, औषध कंपन्या आणि शेतकरी एकत्र बसले, औषध मागे घेतले गेले आणि असे सामुदायिक मृत्यू जवळजवळ थांबले.

त्या औषधाचे नाव मोनोक्रोटोफॉस. हे नाव आमच्या कापूस पिकवणाऱ्या वाचकांना परके नाही. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या तेलात हेच विष आले आणि २३ मुले दगावली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली; त्यानंतर विदर्भात ज्या औषधांची विक्री काही काळ थांबवली गेली, त्यांतही हे होते. केंद्र सरकारने त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला तो २०२३ साली. अर्जेंटिनाच्या शेतात ससाणे मेले त्याला तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती. शिकारी पक्षी अन्नसाखळीच्या टोकाला असतो, म्हणून शेतातले विष भक्ष्यातून त्याच्यापर्यंत पोहोचते. फवारणी करणारा मजूर आणि ते धान्य खाणारे मूल त्याच्यापासून फार लांब नाहीत.

विषाइतकाच मोठा प्रश्न जागेचा आहे. महसुली कागदावर माळ म्हणजे 'पडीक'. त्यावर कारखाना, प्लॉट, सौर पट्ट्या, नाहीतर झाडे लावून 'हिरवळ' करायची. झाडे लावणे पुण्याचे खरे, पण भोवत्याला गवत लागते. दुसऱ्या टोकाला, १९७९ साली सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. त्यात शेते, गावे, बाजारपेठा सगळेच आले आणि जमिनीच्या व्यवहारांत अडकलेले लोक पक्ष्यावरच चिडले. २०१२ साली ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माणसाला शत्रू करून पाखरू वाचत नाही, हा यातला धडा आहे.

आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक मुलांना इक्बालचा शाहीन शिकवतो. तो घरटे बांधत नाही, कड्यावर राहतो. पक्षीशास्त्रही हेच सांगते. शाहीन खरोखरच कड्याच्या कपारीत, काटक्या न रचता अंडी घालतो. सह्याद्रीच्या कड्यांवर तो बारमाही आहे आणि बहिरी हिवाळ्यात उत्तरेकडून येतो. पण परीक्षेत शाहीनवर पानभर लिहिणाऱ्या मुलाला तो दाखवायला आम्ही कधी नेले आहे का?

काम अवघड नाही. तारीख, जागा, पक्षी, संख्या, शेतातले पीक, गवत उभे आहे की कापले-जाळले आहे, एवढे सहा रकाने वहीत आखायचे. दर हिवाळ्यात त्याच जागी, त्याच वेळी उभे राहायचे आणि काहीच दिसले नाही तर शून्य लिहायचे. तोही आकडाच आहे. गावाबाहेरच्या कब्रस्तानात आणि ईदगाहमागच्या माळावर उंच गवत असेल, तर ते मार्च सरेपर्यंत पेटवू नये, एवढे जमातीच्या बैठकीत ठरवता येईल. आमच्या पूर्वजांनी या पक्ष्यांना नावे दिली. त्यांचा हिशेब ठेवण्याचे काम या हिवाळ्यापासून आपल्या शाळांनी हाती घ्यावे, ही सर्व शिक्षक बंधू-भगिनींना विनंती.