पिंपातलं पाणी : सोलापूरच्या एका रोजच्या कटकटीचा इतिहास

विषय वाचून एका जुन्या विद्यार्थ्यानं आम्हाला विचारलं, 'सर, तत्त्वज्ञान सोडून नळावर कुठं आलात?' आम्ही म्हटलं, बाबा रे, सोलापुरात राहून नळाचा विचार टाळायचा कसा?

सोलापूरचा इतिहास म्हटला की आपण १९३० चा मार्शल लॉ सांगतो, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे सांगतो, गिरण्या सांगतो. ते सांगायलाच हवं. पण माणसाचं आयुष्य ज्या बारीकसारीक त्रासांत जातं, त्यांचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. त्रासाची सवय झाली की त्याचा प्रश्न वाटेनासा होतो. आज अशाच एका त्रासाबद्दल बोलू.

आपला मुलूख अवर्षणाचा. वर्षाला पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. १८६० साली रेल्वे आली, १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. त्याच सुमारास मोठा दुष्काळही पडला होता. गिरण्या, माग आणि पुढे विड्या, यांच्यामागे माणसं येत राहिली. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून कष्टकरी आले. शहर वाढलं, पण ते वसलं होतं मोठ्या नदीपासून दूर. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ च्या सुमारास पुरा झाला, तो शहराला उपयोगी पडला. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली झालं आणि तिथून शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनी टाकून पाणी आणावं लागलं. शिवाय धरणातून नदीत पाणी सोडून ते टाकळीला उचलायचं, हाही मार्ग आहेच.

एवढं करूनही पाणी रोज येत नाही. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी पाच. रात्री-अपरात्री नळ फुसफुसला की गल्ली जागी होते. एका घरातून 'नीळ्ळु वच्चायि', दुसऱ्यातून 'नीरु बंतु', तिसऱ्यातून 'आलं गं बाई पाणी'. तीन भाषा आणि घाई एकच. मग घागरी, ओला जिना, घसरलेला पाय. कुणी नळाला मोटर लावतो, ओल्या हातानं बटण दाबतो आणि शॉक बसतो. शिवाय मोटरच्या ओढीनं फुटक्या पाइपातून गटाराचं पाणी आत शिरतं ते वेगळंच.

पण आमच्या मते मुख्य धोका पिंपात आहे. आमच्याच घरी डेंग्यू आला तेव्हा तपासणीला आलेल्या ताईंनी मोरीतल्या पिंपावर बॅटरी मारली. म्हणाल्या, 'सर, हे बघा.' अळ्या वळवळत होत्या. पिंप आम्हीच भरलं होतं, मोठ्या काळजीनं. आम्ही आयुष्यभर कार्यकारणभाव शिकवला, आणि कारण आमच्याच मोरीत!

हा एडिस डास मूळचा आफ्रिकेचा. गुलामांच्या व्यापाराच्या काळात जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून तो समुद्रापार गेला, असं अभ्यासक मानतात. मलेरियाचा आणि डासाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला दाखवला, आपल्यापासून तसं ते जवळच. पण मलेरियाचा डास वेगळा. एडिस घराला चिकटून राहतो, दिवसा चावतो आणि साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

आता हिशेब करा. पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. तेव्हा पिंप पूर्ण रिकामं केलं, तर डास तयारच व्हायचा नाही. पण आपण ते रिकामं करत नाही. पुढच्या वेळी नळ येईल याचा भरवसा नसतो. म्हणून तळाचं तसंच ठेवून वरून भरतो. पूर्वी ताजं आलं की शिळं पाणी ओतून द्यायचे. आज ओतायचं म्हटलं की हात थरथरतो, आणि तो थरथरतो यात घरच्या बाईचा काही दोष नाही. उशिरा येणाऱ्या पाण्यानंच तिला ही काटकसर शिकवली. म्हणून 'लोकांना स्वच्छतेची सवय नाही' असं कुणी म्हटलं की आम्हाला ते पटत नाही. भरवशाचा नळ मिळाला तर अर्धी पिंपं आपोआप घराबाहेर जातील.

तोवर काय? ओतायला जीव होत नसेल तर तळाचं पाणी फडक्यातून गाळून झाडांना, फरशीला वापरा. आठवड्यातून एकदा पिंप आतून घासा. एडिसची अंडी पाण्याच्या कडेला, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही. आणि तोंडाला घट्ट कापड बांधा. चादरींच्या गावात पिंपाला एक फडकं मिळू नये?

आमच्या घरचं पिंप आता दर रविवारी आम्ही स्वतः घासतो. गुडघे कुरकुरतात, पण घासतो.