पुस्तक आपले, परीक्षण कोणाचे?

1920 साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. ज्यांच्या हाती छापखाना त्यांच्याच हाती दखल, हे आपण तेव्हापासून ओळखून आहोत. म्हणूनच आपली नियतकालिके आणि प्रकाशने उभी राहिली.

पहूरहून अजिंठ्यामार्गे पुढे गेले की तेव्हाचे औरंगाबाद लागते. तिथे मिलिंद महाविद्यालयात डॉ. म. ना. वानखेडे यांच्या पुढाकाराने 1967 साली 'अस्मिता' निघाले. तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते जवळपास पाच दशके चालवले. तिथे नवा लेखक छापला जायचा आणि त्याच्या लेखनाची चिकित्साही व्हायची. दलित साहित्याला त्याचे लेखक मिळाले, तसे समीक्षकही मिळाले, ते अशाच जागांमुळे.

यात खानदेशाचाही वाटा आहे. धुळे जिल्ह्यातल्या मोराण्याचे प्रा. विलास वाघ यांनी उषाताईंच्या साथीने पुण्यात 'सुगावा प्रकाशन' चालवले. शहादा भागातल्या चळवळीतून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' 1987 साली याच सुगावाने काढला. व्यापारी प्रकाशक नफा-तोट्याचे गणित मांडतो. सुगावाने माणसाचा आवाज पाहिला.

आज छपाई सोपी झाली आहे. छोट्या प्रकाशनांकडून कवितासंग्रह येतात, कादंबऱ्या येतात. सोहळा होतो, हारतुरे होतात, व्हॉट्सअॅपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. पण परीक्षण कुठे आहे? मोठी वृत्तपत्रे गप्प बसतात आणि आपण नुसतीच स्तुती करतो. पुस्तक न वाचण्याच्याच या दोन तऱ्हा आहेत.

काहीजण म्हणतील, छोट्या प्रकाशकावर टीका केली तर तो बुडेल. आम्हाला हे पटत नाही. तो बुडतो न विकल्या गेलेल्या गठ्ठ्यांमुळे. प्रामाणिक परीक्षण वाचून दहा माणसे तरी पुस्तक शोधतात.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, असे बुद्धाने कालामांना सांगितले. मग आपल्याच कवीला त्यातून सूट का? या संग्रहात अनुभव आहे की जुन्याच घोषणा? कादंबरीतली बाई स्वतः बोलते की नुसती सोसते? जामनेर-पहूरकडची तावडी बोली पानावर जिवंत आहे की फक्त चवीपुरती? हे प्रश्न आपण विचारले नाहीत, तर उद्या आपल्या साहित्याचा इतिहास दुसरेच लिहितील आणि त्यात कोण राहील हेही तेच ठरवतील.

म्हणून पुस्तक विकत घ्या, वाचा, आणि जे वाटले ते निर्भीडपणे लिहा.

जयभीम!