दादरा व नगर हवेली (मुक्त प्रदेश, १९५४–६१)

गुजरातचा वलसाड जिल्हा आणि महाराष्ट्राचा आजचा पालघर जिल्हा यांच्यामध्ये दमणगंगेच्या खोऱ्यात वसलेला डोंगराळ, जंगलमय मुलूख. क्षेत्रफळ सुमारे ४९१ चौ. किमी. मुख्य ठिकाण सिल्वासा (सेलवास). ऑगस्ट १९५४ पासून ११ ऑगस्ट १९६१ पर्यंत हा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता आणि कायद्याने भारतातही सामील झालेला नव्हता. या सात वर्षांत त्याने आपला कारभार आपणच केला. वस्ती मुख्यतः आदिवासींची असून वारली संख्येने सर्वांत जास्त, त्यांच्या जोडीला धोडिया आणि कोकणा.

प्रदेशाचे दोन तुकडे आहेत. दादरा हा तीन गावांचा छोटा तुकडा, तर नगर हवेली हा जुना बहात्तर गावांचा परगणा. दोहोंच्या मध्ये तेव्हा भारताची जमीन होती. दमणचे बंदर जवळ असले तरी दमणहून यांपैकी कुठेही जायचे तर भारताच्या हद्दीतूनच जावे लागे. पुढे जे घडले ते समजण्यासाठी नकाशावरची ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते.

पोर्तुगीजांना हा मुलूख लढाईत मिळालेला नव्हता. इंग्रजांशी युद्ध चालू असताना पोर्तुगीजांनी इंग्रजांना मिळू नये, म्हणून पेशव्यांच्या पुणे दरबाराने १७७९ मध्ये पोर्तुगीजांशी तह केला. मराठा आरमाराने पकडलेल्या एका जहाजाची भरपाई म्हणून वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावे त्यांना द्यायचे ठरले. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे गेले. गोव्याच्या इतिहासातही हे दशक महत्त्वाचे आहे. १७८१ पासूनच्या काही वर्षांत डिचोली व सत्तरी, आणि १७८८ मध्ये सावंतवाडीकरांशी झालेल्या तहाने पेडणे पोर्तुगीजांच्या हाती गेले. गोव्याच्या इतिहासात ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखले जाणारे हे उत्तरेकडचे महाल आणि दमणगंगेकाठची ही गावे यांचे पोर्तुगीज नशीब अशा रीतीने एकाच सुमारास सुरू झाले. सिल्वासा हे ठाणे १८८५ मध्ये नावारूपाला आले. कागदोपत्री त्याचे नाव ‘पासु द आर्कुश’ होते, पण लोकांच्या तोंडी ते कधीच बसले नाही.

जुलै १९५४ मध्ये गोवामुक्तीच्या चळवळीतील गटांनी इकडे मोर्चा वळवला. गोव्यात सैन्य होते. इथे मूठभर पोलीस होते आणि त्यांना कुमक पोहोचण्याचा रस्ता भारताच्या हातात होता. २१ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने दादऱ्याच्या चौकीवर हल्ला केला. त्यात चौकीचा अंमलदार अनिसेतु रोझारियु मारला गेला. २८ जुलैला नरोली पडले. विश्वनाथ लवंदे व प्रभाकर सिनारी यांचे आझाद गोमंतक दल आणि राजाभाऊ वाकणकर यांच्यासोबत पुण्या-मुंबईहून आलेले राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण ऐन पावसात पुढे सरकले आणि २ ऑगस्टला सिल्वासा हाती आले. या तरुणांत संगीतकार सुधीर फडके होते. मोहिमेच्या पैशासाठी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गु आपली माणसे घेऊन आतल्या जंगलाकडे सरला आणि ११ ऑगस्टच्या सुमारास त्याने भारतीय पोलिसांपुढे शरणागती पत्करली.

श्रेय कोणाचे यावर तेव्हापासून वाद आहे. गोमंतकीय गट, संघ आणि वारल्यांत काम करणारे कम्युनिस्ट आपापली हकिगत सांगतात. तिन्हींत तथ्य आहे, परंतु कोणतीही एकटी पुरी पडत नाही. हद्दीवरच्या भारतीय पोलिसांनी दमणचा रस्ता बंद केला नसता, तर जिंकलेली ठाणी टिकली नसती.

याचा पडताळा दोनच आठवड्यांत पेडणे महालात आला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. तेरेखोलही जमिनीने भारताला लागून होते, नदीच्या उत्तर तीरावर रेडीच्या शेजारी. पण खाडी आणि समुद्र पोर्तुगीजांना मोकळा होता आणि पलीकडे पेडण्यात त्यांचे बळ तयार होते. सत्याग्रही नि:शस्त्र होते. ते पकडले गेले आणि किल्ला पुन्हा पोर्तुगीजांकडे गेला. तेरेखोलच्या सत्याग्रहींचे धैर्य सिल्वासा घेणाऱ्यांपेक्षा तसूभरही कमी नव्हते. वर्षभराने याच महालातील पत्रादेवीच्या नाक्यावर कर्नेल सिंग यांच्यासह अनेक सत्याग्रही गोळीबारात पडले.

मुक्त प्रदेशाचे पहिले प्रशासक आप्पासाहेब करमळकर. त्यांच्या मदतीला ‘वरिष्ठ पंचायत’ नेमली गेली. भारताने अधिकारी व साहाय्य दिले, परंतु विलीनीकरण टाळले, कारण प्रकरण जगापुढे गेले होते. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला : दमणहून या प्रदेशात जाण्याचा आपला वहिवाटीचा हक्क भारताने डावलला आहे. भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून म. क. छागला त्या पीठावर बसले. १२ एप्रिल १९६० चा निकाल बारकाईने वाचण्याजोगा आहे. पेशव्यांनी पोर्तुगीजांना गावांचे सार्वभौमत्व दिले नव्हते, फक्त वसुलाचा सरंजाम दिला होता, असे न्यायालयाने म्हटले. मात्र इंग्रजांनी पुढे तिथले पोर्तुगीज सार्वभौमत्व व्यवहारात मान्य केले, असाही निष्कर्ष काढला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळ्याला नव्हता. आणि १९५४ च्या तणावात वाट नाकारून भारताने आपले कर्तव्य मोडले नाही. पुणे दरबारच्या कागदांचा असा कीस पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये पडला.

जून १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा एकमुखी ठराव केला. करारावर सही करायला या प्रदेशाचा प्रमुख हवा होता, म्हणून सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसासाठी पंतप्रधान करण्यात आले. संविधानाच्या दहाव्या दुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा व नगर हवेली केंद्रशासित प्रदेश झाला. चार महिन्यांनी, १९ डिसेंबरला, पेडणे-डिचोलीसह सारा गोवा मुक्त झाला.

या सात वर्षांच्या इतिहासात नावे येतात ती बहुतेक गोमंतकीयांची, पुणेकरांची, अधिकाऱ्यांची. ज्यांचा मुलूख, ते वारली आणि कोकणा त्यात फार थोडे दिसतात, ही या इतिहासाची मोठी उणीव आहे. हद्दीपलीकडे तलासरी-उंबरगावात गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी १९४५ पासून जमीनदारांच्या वेठीविरुद्ध झुंज दिली होती, त्यामुळे जमीन हाच इथल्याही आदिवासींचा पहिला प्रश्न असणार हे उघड होते. तरी पोर्तुगीज काळात दिलेले ‘अल्वारा’ व ‘तेरम’ हे जमीनधारणेचे प्रकार मुक्त प्रदेशाच्या काळात उठले नाहीत. ते रद्द करणारा जमीनसुधारणा विनियम आला १९७१ मध्ये. पोर्तुगीज झेंडा उतरल्यापासून सतरा वर्षे कुळाला ज्या शेताची वाट पाहावी लागली, ते त्याला पहिल्याच वर्षी देता आले असते, असे म्हणावेसे वाटते.

२०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि त्यात आदिवासी निम्म्याहून किंचित अधिक होते. कारखान्यांसाठी बाहेरून आलेल्या वस्तीमुळे त्यांचा वाटा उतरत गेला आहे. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण व दीव यांच्याशी जोडून एकच केंद्रशासित प्रदेश करण्यात आला.