दख्खनच्या अरण्यातील टसर पतंग : ओळख, जीवनचक्र आणि इतिहास

प्रस्तावना

रेशीम म्हटले की नाशिककरांच्या डोळ्यांसमोर प्रथम येवल्याची पैठणी उभी राहते. तथापि पैठणीचे रेशीम हे तुतीच्या पानांवर, माणसाच्या छपराखाली वाढणाऱ्या किड्याचे असते. अरण्यात मुक्तपणे वाढणाऱ्या पतंगाच्या रेशमाचा, म्हणजेच टसरचा, इतिहास त्याहून वेगळा असून तो तुलनेने उपेक्षित राहिला आहे. हा पतंग अभ्यासकांनी कसा ओळखला, त्याच्या जीवनचक्राचे ज्ञान कोणाजवळ होते आणि त्या ज्ञानाची दखल राज्यव्यवस्थेने कशी घेतली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नावाचा प्रश्न

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ मध्ये ‘पाफिया’ हे नाव प्रचारात आणले, तर १७७३ मध्ये इंग्रज संग्राहक ड्रुरी याने ‘मायलिटा’ हे नाव दिले. ही दोन्ही नावे पुढे शतकाहून अधिक काळ टसर पतंगासाठी वापरली गेली. सर जॉर्ज हॅम्पसन यांनी ब्रिटिश भारतातील पतंगांवरील ग्रंथाच्या १८९२ च्या पहिल्या खंडात ‘पाफिया’ हेच नाव स्वीकारले. आज रेशीम संशोधनात या पतंगास ‘अँथेरिया मायलिटा’ म्हणतात.

या घोळाचे एक कारण पतंगाच्या रूपातच आहे. नर सामान्यतः तांबूस-तपकिरी, तर मादी पिवळसर किंवा करडी असते. शिवाय प्रदेशानुसार रंगछटा बदलतात. चारही पंखांवरील काचेसारखे पारदर्शक डोळे, नराच्या पिसासारख्या रुंद शृंगिका आणि मादीचे जड उदर या ओळखीच्या मुख्य खुणा होत. परंतु टाचणीला टोचलेल्या नमुन्यावरून पंख दिसतात, जीवनक्रम दिसत नाही. तो पाहण्यासाठी अरण्यातच जावे लागते.

साइक्सची नोंद

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे १८२४ पासून मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनमध्ये फिरत होते. आजचा नाशिक जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १८६९ मध्ये निर्माण झाला. साइक्स यांनी १८३० च्या दशकात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनच्या रानटी रेशीमकिड्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ‘कोलिसुरा’ हे स्थानिक नाव नोंदविले. मराठे या कोशाच्या चिवट पट्ट्या कापून बंदुकीची नळी दस्त्याला बांधण्यासाठी वापरीत, ही त्यांची नोंद विशेष महत्त्वाची आहे. येथील लोक कोश ओळखत होते, त्याची मजबुती जाणत होते. मात्र त्याचा उपयोग धाग्यापेक्षा वादीसारखा करीत होते.

जीवनचक्र

कोशाचा हा चिवटपणा पतंगाच्या जीवनक्रमातून समजतो. मादी साधारणपणे दीडशे ते अडीचशे अंडी घालते. सुमारे आठ-दहा दिवसांत अळ्या बाहेर पडतात. ऐन, अर्जुन, बोर, जांभूळ, साल अशा वृक्षांची पाने खाऊन हिरवी अळी चार वेळा कात टाकते व सुमारे महिना-सव्वा महिन्यात पूर्ण वाढते. त्यानंतर ती कोश विणते. कोशाला कठीण देठ असून देठाच्या टोकाचे कडे फांदीभोवती घट्ट बसलेले असते. पानझडीच्या अरण्यात पाने गळाली तरी कोश मात्र फांदीवर लोंबत राहतो. कोषावस्थेतील जीव आत हिवाळा व उन्हाळा निद्रितावस्थेत काढतो आणि पावसाळ्याच्या सुमारास पतंग बाहेर येतो. बाहेर पडताना तो एका पाचक स्रावाने कोशाचे टोक मऊ करतो. प्रौढ पतंग काहीही खात नाही. त्याचे आयुष्य आठवडाभराचे असते आणि तेवढ्यात प्रजनन साधावे लागते.

पुण्यातील प्रयोग आणि त्याची मर्यादा

१८७० च्या दशकात मेजर जी. कौस्मेकर या लष्करी अधिकाऱ्याने पुणे परिसरात टसर पालनाचे प्रयोग केले. याच काळात इंग्लंडमधील लीक येथील रंगारी व उद्योजक थॉमस वार्डल यांनी टसर रंगविण्याच्या पद्धती शोधल्या. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी भारतीय रानरेशीम मांडले. १८८१ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यामुळे युरोपात मागणी वाढली. तरीही पश्चिम महाराष्ट्रात हा उद्योग रुजला नाही.

याउलट पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली भागांत तो टिकून राहिला. तेथील ढिवर समाज ऐन व अर्जुन वृक्षांवर अळ्या सोडतो, पक्षी व मुंग्यांपासून त्यांची राखण करतो आणि कोसा गोळा करतो; कोष्टी विणकर त्याचे वस्त्र करतात. या पतंगाच्या एका स्थानिक वाणास ‘भंडारा’ असेच नाव आहे. ऐनाचे झाड दोन्हीकडे होते. पिढीजात राखणदार व विणकर यांची साखळी मात्र विदर्भातच होती. हा फरक निर्णायक ठरला असे म्हणता येईल.

कायद्यातील टसर

राखणदाराचे ज्ञान अरण्यात जाण्याच्या हक्कावर अवलंबून असते. १८७८ व १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव वनांतील असे अनेक व्यवहार सरकारी परवानगीच्या कक्षेत आणले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांच्या व्याख्येत टसर व कोश यांचा स्पष्ट उल्लेख केला. गंमत अशी की, ही व्याख्या वनस्पतिजन्य उपजांची आहे. पतंगाचा कोश कायद्याने जणू झाडाचे फळ मानला. शास्त्रीयदृष्ट्या ही ओळख चुकीची असली, तरी तिने संग्राहकाला हक्क दिला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस पायी गेलेल्या शेतकरी व आदिवासींच्या मोर्चात याच कायद्याच्या अंमलबजावणीची मागणी प्रमुख होती.

निष्कर्ष

टसर पतंगाची ओळख तीन ठिकाणी घडली : संग्रहालयात पंखांवरून, अरण्यात झाड व ऋतूवरून आणि कायद्यात उपज म्हणून. यांपैकी पहिली ओळख ग्रंथांत नोंदली गेली. दुसरी मात्र बहुधा अनामिकच राहिली. सुरगाणा, पेठ व त्र्यंबकेश्वर तालुक्यांच्या अरण्यांत आजही ऐन, बोर व जांभूळ आहेत. तेथील वृद्धांकडून या पतंगाची स्थानिक नावे, कोश सापडण्याचा ऋतू व त्याचे उपयोग नोंदवून घेणे हे महाविद्यालयीन इतिहास विभागांना सहज करता येण्याजोगे काम आहे. ते लवकर होणे आवश्यक आहे, कारण ही माहिती कोणत्याही दप्तरात नाही, माणसांच्या स्मरणात आहे.