क्षयरोग आणि लोह

फिकट पडलेल्या माणसास लोह द्यावें ही समजूत जुनी आहे आणि पुष्कळ अंशीं खरीहि आहे. परंतु पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयांतील विख्यात वैद्य आर्मां त्रूसो आपल्या शिष्यांस निराळेंच बजावीत असत: ज्याच्या ठिकाणीं क्षयाची प्रवृत्ति दिसते त्यास लोह देऊं नका, दबलेला क्षय उसळून येईल. त्रूसो १८६७ सालीं वारले. रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिनमध्यें क्षयाचा जंतु जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजीं. म्हणजे शत्रु कोण हें ठाऊक नसतांनाच या गृहस्थांनीं त्याचा शिधा ओळखला होता!

कारणाचा धागा १९४४ सालीं अमेरिकेंत शेड व कॅरोलाइन यांस सांपडला, आणि तोहि कोंबडीच्या अंड्यांत. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागांत आमांशाचे जंतू वाढत नाहींत. लोह मिसळलें कीं वाढूं लागतात. १९४६ सालीं त्यांनीं मानवी रक्तरसांतहि लोह जखडून ठेवणारा घटक दाखविला. शरीर जंतूंस लोहाचा उपवास घडवितें. आजारपणांत तें रक्तांतील लोह काढून भक्षकपेशींत कोंडतें, आणि क्षयरोग्याचा फिकटपणा पुष्कळदा त्यामुळेंच असतो. पण क्षयजंतु वस्तीस राहतो कोठें? त्याच भक्षकपेशींत! धान्य लपवावें त्याच कोठींत चोर.

या पेशी पुढें फुटून मरतात, त्या कां? २०१२ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील डिक्सन, स्टॉकवेल प्रभृतींनीं लोहावर अवलंबून असणाऱ्या एका पेशीमृत्यूस ‘फेरॉप्टोसिस’ हें नांव दिलें. बरणींतलें तेल फार दिवस राहिलें म्हणजे खवट होतें, हें गृहिणींस सांगावयास नको. पेशीचें आवरणहि स्निग्ध पदार्थांचें असतें. मोकळें लोह वाढलें कीं तें जणूं खवट होऊन फाटतें. एरवीं ‘जीपीएक्स-४’ नांवाचें द्रव्य हा खवटपणा वेळींच मोडून काढतें.

२०१९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील संशोधकांनीं दाखविलें कीं, क्षयजंतूंनीं ग्रासलेल्या भक्षकपेशींत हें द्रव्य घटतें, मोकळें लोह वाढतें आणि पेशी फुटतात. खवटपणा रोखणारें औषध दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांची नासाडी कमी झाली, जंतूहि घटले. अर्थात् हे उंदीर होते. क्षयरोग्यास लोह केव्हां व किती द्यावें, हा त्रूसो यांचा प्रश्न डॉक्टरांपुढें अजून उभा आहे.