कायदेपंडिताचें मृत्युपत्र

मृत्युपत्र जाणत्या वकिलाकडून करवून घ्यावें, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. पण मृत्युपत्र करणारा स्वतःच नामांकित वकील असला, तर? कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर असेच गृहस्थ होते. त्यांचे एकुलते चिरंजीव ज्ञानेंद्रमोहन यांनीं १८५१ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८६२ सालीं पित्यानें मृत्युपत्र केलें. त्यांत इस्टेट विश्वस्तांच्या हातीं सोंपविली. पुतणे जतींद्रमोहन यांनीं तिचा हयातभर उपभोग घ्यावा व पुढें ती पुरुषवंशांत पिढ्यान्‌पिढ्या चालावी, असें लिहिलें. पुत्रास कांहीं ठेविलें नाहीं. १८६८ सालीं टागोर निवर्तले आणि वाद न्यायालयांत गेला.

१८७२ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला. बंगालच्या दायभाग पद्धतींत पित्यास आपली मिळकत हवी त्यास देतां येते. म्हणून पुतण्याचा हयातीचा हक्क टिकला. परंतु दात्याच्या मृत्युसमयीं जो जन्मासच आलेला नाहीं, त्यास हिंदु कायद्याप्रमाणें दान घेतां येत नव्हतें. सबब पुढील योजना कोसळली, आणि उरलेला हक्क वगळलेल्या पुत्राकडेच वळला. १८५० च्या कायद्यामुळें धर्मांतरानें वारसाहक्क बुडत नव्हता. वारसास नुसतें वगळून भागत नाहीं. मिळकत दुसऱ्या कोणास तरी कायदेशीरपणें द्यावी लागते, हें तत्त्व या खटल्यानें पक्कें झालें.

अजातास दान देण्याची मर्यादित मुभा पुढें १९१६ च्या कायद्यानें मिळाली. टागोरांनीं वंशासाठीं घातलेले बंध मात्र तुटले. त्याच मृत्युपत्रानें कलकत्ता विद्यापीठास मिळालेली कायद्याची व्याख्यानमाला त्यांच्या नांवानें चालूं राहिली.